केवळरामची खालची बांधी

"दुसऱ्याच्या गाडीत आपले पऱ्हे काहून आणता जी?" रुखमा सकाळीच नवऱ्यावर उखडली. "आपली खासर मेली का?"

"खासरेनं पवनीवरून याले दोन दिवस लागते. तवरक रोपं पिवळे पडतीन," केवळराम म्हणाला.

केवळराम माझा शेजारी. खासर म्हणजे त्याची जनावरं जुंपायची लाकडी गाडी. त्या साली, शहाऐंशीची गोष्ट, पावसानं मध्येच अशी दडी मारली की आमच्या एकोडीत निम्म्या लोकांचे धानाचे पऱ्हे उभ्या उभ्या वाळले. मग श्रावणात असा कोसळला की बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, तुडुंब आणि रोवायला रोप नाही. दात आहेत तर चणे नाहीत, दुसरं काय! केवळरामची बहीण कुंताबाई पवनीला दिलेली. तिनं निरोप धाडला, आमचं रोवणं झालं, उरलेले पऱ्हे घेऊन जा. केवळरामच्या दोन बांध्यांना जेमतेम पुरतील एवढेच होते. वरच्या बांधीच्या धानावर त्याचं घर होळीपर्यंत जगायचं आणि खालच्या बांधीवर तिथून पुढे पावसाळ्यापर्यंत.

त्याच आठवड्यात ती गाडी गावात आली होती. पुढून जीपसारखी, मागे उघडा हौदा, आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर. जपानी बनावटीची, देशोदेशी विकली जाणारी. आपल्याकडच्या वाईट रस्त्यांवर चालवून बघायला कंपनीनं धाडली होती. वाईट रस्ते बघायला ते आमच्याकडे आले, यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. कंपनीचे प्रधान साहेब वासुदेवराव पाटलांच्या ओसरीवर उतरले होते. "ही वाळवंटात चालते, बर्फात चालते, तुमचा चिखल म्हणजे काय!" असं दिवसातून दहादा सांगायचे. पण माणूस वाईट नव्हता. केवळरामनं पवनीचं नाव काढताच "चला" म्हणाले. मीही हौद्यात चढलो.

दुपारच्या आत आम्ही पेंढ्या भरून परत आलो. हिरवेगार, मुळांना ओला चिखल असलेले पऱ्हे पाहून केवळरामचा शिणलेला चेहरा जरा उजळला. पांदणीच्या तोंडाशी तो म्हणाला, "बस जी साहेब, इथंच थांबवा. पुढं बाया डोक्यावर नेतीन."

"अहो, बांधीपर्यंत नेतो. फोटोही काढायचाय."

"हे पांदण होय साहेब. हेले बी पोटापर्यंत फसते इथं."

"रेड्यांचं सांगू नका, ही गाडी आहे," साहेब हसले आणि गाडी आत घातली.

बाभळीच्या वळणावर ती बसली. चाकं गरगर फिरली, चिखल आमच्या तोंडावर आला आणि गाडी आणखी खाली गेली.

"हेले आणतो जी. खालच्या बांधीत चिखलणीले हायेत," केवळराम म्हणाला.

"नको, नको! रेड्यांनी ओढलेली गाडी कंपनीला काय दाखवू? चाकाखाली काहीतरी घाला."

आमच्या पांदणीत दगड औषधालाही नाही. साहेबांची नजर हौद्यावर गेली. "थोड्या पेंढ्या चालतील?"

मला वाटलं, आता हा नाही म्हणेल. पण सकाळपासून त्यांच्या गाडीत बसलेला, त्यांच्या उपकाराखाली दबलेला माणूस. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. "घाला जी," म्हणत पहिली पेंढी त्यानंच टाकली. मग दुसरी, तिसरी. चाकं खातच गेली.

रुखमा लुगडं खोचलेली तशीच धावत आली. "आग लागो तुमच्या भिडेले! लेकरायचं जेवण चाकाखाली घालून राहिले?" तिनं हौद्यातली पेंढी उचलून छातीशी धरली. "ललिताबाई, या व समद्या! उरले तेवढे तरी वाचवा!"

रोवण्याला आलेल्या बायांनी उरलेल्या पेंढ्या डोक्यावरून नेल्या. त्या एकाच बांधीला पुरणार होत्या. शेवटी खालच्या बांधीत चिखलणी करणाऱ्या कवडूनं ती मोडून हेले आणलेच. हेल्यांनी गुडघे टेकून गाडी वर काढली. साहेबांनी लगेच दोर सोडवला, हेले बाभळीआड न्यायला लावले आणि गाडी तिथंच, त्या पेंढ्यांवर उभी असताना फोटो काढला. हेले मग दिवसभर उठले नाहीत. वरची बांधी रोवून झाली, खालची तशीच पाण्यात राहिली.

नव्या वर्षाला पाटलांकडे कंपनीचं कॅलेंडर आलं. पाटलांनी ते केवळरामला दिलं. चित्रात आमची पांदण, तिरपी गाडी आणि खाली अक्षरं, 'चिखल असो की वाळवंट, ही कुणाचा हात मागत नाही'. केवळरामनं ते भिंतीवर लावलं. "आपली पांदण दुनियेत गेली गा!" तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची.

रुखमानं मात्र त्या कॅलेंडराकडे कधी पाहिलं नाही. होळी झाली, त्यांच्या घरातली धानाची ढोली तळाला लागली. मी सहज गेलो होतो. रुखमा रिकामं सूप घेऊन बाहेर आली आणि पहिल्यांदाच कॅलेंडरासमोर उभी राहिली. चाकाखालच्या हिरव्यावर तिनं बोट ठेवलं.

"हे काय होय भाऊजी?"

"गवत असन," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

"गवत नोहोय," ती म्हणाली. "हे आमची खालची बांधी होय."