लाडोबाची हजामत

बहीण आठवडाभर परगावी निघाली तेव्हा तिने लाडोबाला मास्तरांच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या, स्वाधीन केलं. लाडोबा हा पोमेरेनियन जातीचा कुत्रा. लांबी दोन वीत, थाट संस्थानिकाचा.

"दादा, रोज विंचरायचं. केस फाकवून, पार कातडीपर्यंत. आत लोकर असते, तिच्या गाठी होतात."

"मला शिकवू नकोस," मास्तर म्हणाले. इतिहास शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. "याचे पूर्वज चांगले थोराड. बर्फात गाड्या ओढायचे. पुढे एका राणीला छोटे आवडले, आणि माणसांनी यांना पिढ्यान्‌पिढ्या लहान करत आणलं."

"बरं. पण विंचर."

मास्तरांनी रोज विंचरलं. वरून. वरून लाडोबा झकास दिसायचा. बहीण यायच्या आदल्या दिवशी सहज बोट आत गेलं, तर काखेत, पोटाखाली लोकरीचा घट्ट चिकटलेला नुसता नमदा. कंगवा लावताच लाडोबा केकाटला. मास्तरांनी घाबरून दाढीचं मशीन काढलं. एक बाजू जास्त उडाली म्हणून दुसरी सारखी केली, आणि सारखी करता करता कुत्रा संपला. उरलं ते घुशीसारखं काहीतरी पलंगाखाली जाऊन बसलं.

"उकाडा फार होता गं," दुसऱ्या दिवशी बहीण आली तेव्हा मास्तर दारातच म्हणाले. "शेवटी बर्फातली जात."

बहिणीने लाडोबाला मांडीवर घेतलं. "ती लोकर उन्हालाही अडवते, दादा." कानामागे एक गाठ राहून गेली होती, ती तिच्या बोटांना लागली. "आत हात घातलाच नाहीस ना?"

धडा न वाचता आलेल्या पोरांना मास्तर वर्गात जितका वेळ उभं करत, तितका वेळ ते स्वतः उभे राहिले. मग म्हणाले, "नाही. केस परत येतील ना?"

"येतील बहुतेक. कधीकधी धड येत नाहीत. तोवर संध्याकाळी तूच फिरवायचंस. कुणी विचारलं तर इतिहास सांगायचा नाही. झालं ते सांगायचं."

कोपऱ्यावरच्या शिंप्याने पहिल्याच संध्याकाळी, उन्हं उतरायच्या आत, हटकलं. "मास्तर, ही कुठली नवी जात?"

बर्फ, गाड्या, राणी, सगळं ओठांपर्यंत आलं आणि थांबलं.

"तोच आहे. मी वरवर विंचरत राहिलो. गाठी झाल्या, तेव्हा भादरून टाकलं."

शिंपी हसला असता तर परवडलं असतं. त्याने लाडोबाच्या उघड्या पाठीकडे पाहिलं आणि आपलं स्टूल सावलीत सरकवलं.

"त्याला इथे बसवा. ऊन लागत असेल."

मास्तरांनी लाडोबाला स्टुलावर बसवलं, आणि आपण उन्हात उभे राहिले.