मालनबाईंचा दात आणि शंभर टक्के निकाल

मालनबाई पगारे म्हणजे महापालिकेच्या शाळेतल्या चौथीच्या बाई. चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात बहिणीच्या गावी, तिकडे सटाण्याकडे, हातपंपाचा दांडा उसळला आणि बाईंचा वरचा पुढचा दात अर्धा तुटला. तुटला तर तुटला म्हणून सोडून देता आलं असतं, पण बोलताना हवा सुटायला लागली. आणि समोर कोण, तर चौथीची पोरं! ती सोडतात होय? बाईंनी ‘शांत बसा’ म्हटलं की मागच्या बाकावरून बारीकशी शिट्टी ऐकू यायची. वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच बाईंना वर्गात जाऊ नये असं वाटू लागलं.

नाशकातल्या द्वारका चौकाजवळ डॉक्टर निवृत्ती शेवाळ्यांचा दातांचा दवाखाना होता. माणूस बागलाणातला. मराठी शिकून घासूनपुसून घेतलेली, पण रंगात आला की तोंडून ‘आहे’च्या जागी अहिराणी ‘शे’ निसटायचंच. नुकतेच ते मुंबईला चार दिवस जाऊन दातावर कॅप चिकटवायचं रेझिनचं नवं सिमेंट घेऊन आले होते, आणि तेव्हापासून जमिनीवर चालायचे बंद झाले होते. टेबलाच्या कडेला त्यांनी एक उपटलेली दाढ चिमट्यात आवळून ठेवली होती. दाढेवर कॅप चिकटवलेली, कॅपला तार आणि तारेला कांद्यांची पिशवी.

“पाच किलो, बाई! काल चिकटवली, आज लटकवली. पक्कं शे!”

बाईंनी पिशवीकडे पाहिलं, दाढेकडे पाहिलं. “पण डॉक्टर, ही दाढ टेबलावर कोरडी बसलीय. माझा दात दिवसभर लाळेत असतो. गरम चहा, आमटी, चिंचेचं सार. तिथं हे वर्षभर धरून राहील का?”

“बाई, हे शास्त्र आहे.”

झालं! आपल्याकडे शास्त्र म्हटलं की विचारणाऱ्यानं तोंड मिटायचं असतं. इथं तर तोंड उघडं ठेवूनच गप्प बसायचं होतं. डॉक्टरांनी दात घासून त्याचा खुंट केला, वरचं पांढरं कवच गेलं, आतला पिवळट भाग उघडा पडला. त्यावर आम्ल लावलं, वाऱ्यानं खडखडीत वाळवलं आणि कॅप बसवली. फोटो काढला. कंपाउंडर चिमाजी, साठीचा माणूस, त्यानं केसपेपरवर लिहिलं: क्रमांक बारा, कॅप बसली, तक्रार नाही.

बाई खूश होऊन वर्गात गेल्या. शिट्टी बंद झाली. आठ महिने बरे गेले आणि एके दिवशी सत्ताविसाचा पाढा म्हणवून घेता घेता कॅप हातात आली.

“काहीतरी कडक चावलं असणार,” डॉक्टर म्हणाले.

“पोळी खाल्ली मी.”

“बघा! मी म्हटलं नव्हतं?”

 खुंटाला चिकटलेले सिमेंटचे कपचे डॉक्टरांनी मशीननं खरवडले, त्यांच्याबरोबर थोडा दातही गेला. पुन्हा आम्ल, पुन्हा कॅप. चिमाजीनं कोरा कागद घेतला आणि वर सत्तावन्न आकडा घातला.

“अहो, माझा बारा नंबरचा कागद आहे ना?”

“तो पूर्ण झाला, बाई. त्यात तक्रार नाही असं लिहिलंय. आता त्याच्यात कशाला खाडाखोड? नवं दुखणं, नवा कागद. डॉक्टरांचा नियम आहे.”

दुसऱ्या खेपेला कॅप सहा महिन्यांत सुटली. मग पुन्हा खरवडणं आणि नवा कागद, क्रमांक त्र्याण्णव. कॅप बसवण्याआधी जिभेनं चाचपलं तर खुंट तांदळाच्या दाण्याएवढा लागत होता. बाईंचा धीर सुटला.

“डॉक्टर, माझा दात वाचवा हो. हे सिमेंट नको. दाताच्या मुळाच्या आत तार बसवून त्यावर काय ते करा, पण आता खरवडू नका.”

“तार बसवू की! पण पंधरा दिवस थांबा,” डॉक्टर समजुतीनं म्हणाले. “दंतवैद्यांचं जिल्हा अधिवेशन आपल्या नाशकातच आहे. तुमचा पहिल्या दिवशीचा फोटो मी पडद्यावर दाखवणार. तुम्ही समोर बसा नुसत्या. मग तुम्ही म्हणाल तसं.”

दात वाचतोय या आशेवर बाई कबूल झाल्या, आणि डॉक्टरांनी तेवढ्यापुरती तिसऱ्यांदा कॅप चिकटवली.

अधिवेशनाच्या दिवशी सकाळी चहाच्या पहिल्याच घोटाला कॅप हलली. बाई ती जिभेनं दाबून धरून सभागृहात पहिल्या रांगेत बसल्या. शेवाळे डॉक्टर सूटबूट घालून उभे राहिले, पडद्यावर बाईंचं हसू झळकलं, आणि त्याच्याखाली तक्ता आला. कॅपा शहाण्णव. सुटलेल्या शून्य. निकाल शंभर टक्के!

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं पोरांचे निकाल लावणारी बाई ती, तिला हा हिशेब कळायला कितीसा वेळ लागणार? त्या ताडकन उठल्या. दोन बोटांनी कॅप काढली आणि अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली.

“त्या शहाण्णवात बारा नंबर मी आहे. सत्तावन्न मीच, त्र्याण्णवही मीच. नापास झालेल्या पोराचं दर वेळी नवं नाव घालून मी त्याला पास दाखवत नाही, डॉक्टर!”

 अध्यक्ष होते कळवणचे म्हातारे डॉक्टर सहादू आहेर. त्यांनी बॅटरी घेऊन बाईंच्या तोंडात पाहिलं आणि ते हळू आवाजात म्हणाले, “बाई, खुंट हिरडीच्या आत गेलाय, मूळही तडकलंय. तार बसायची नाही. काढावं लागेल.”

बाईंना भरून आलं. रागाचं एक बरं असतं, तो उभं धरतो. हे ऐकल्यावर त्या मटकन खुर्चीत बसल्या. पंधरा दिवस थांबल्याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की स्वतःच्याच मुस्कटात मारून घ्यावीशी वाटली.

शेवाळ्यांनी तोवर टेबलावरची कॅप उचलून आत पाहिलं होतं. त्यांचा चेहरा उजळला.

“सर, बघा! सिमेंट कॅपला अजून घट्ट शे! सिमेंट हललंच नाही. सुटला तो दात!”

कॅप हातोहात फिरली. खरंच की, सिमेंट जागच्या जागी होतं. माना डोलल्या. मागून कुणी म्हणालं, दातच मुळात कमकुवत असेल, तर त्यात सिमेंटचा काय दोष? सिमेंटनं कॅप नव्हे, दात धरायचा असतो, असं अध्यक्ष सांगू पाहत होते, पण जेवणाची वेळ झाली होती. सचिवांनी घाईघाईनं ठराव वाचला: रुग्णाच्या दातातच दोष आढळल्यानं बारा, सत्तावन्न आणि त्र्याण्णव हे क्रमांक अभ्यासातून वगळण्यात यावेत. राहिल्या कॅपा एकूण त्र्याण्णव, सुटलेल्या शून्य. अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत.

हातच हात वर झाले. अध्यक्ष तेवढे हात खाली ठेवून बसून राहिले.

“विरोधात कुणी?”

पहिल्या रांगेतून एक हात वर आला. दुसऱ्या हातानं बाईंनी तोंडाशी रुमाल धरला होता.

सचिवांनी चष्मा वर केला. “बाई, आपण सभासद आहात का?”

बाईंनी रुमाल बाजूला केला. हवा सुटली, शिट्टी वाजली, पण त्या थांबल्या नाहीत.

“सभासद नाही. दात माझा होता.”

सचिवांनी लिहिलं, ठराव एकमतानं मंजूर, आणि सगळे जेवायला उठले.