बिनपाण्याची बाग

मिलच्या मॅनेजरचा बंगला लालबागच्या रस्त्यावरून दिसत नसे. मागच्या अंगाला, चिंचपोकळीकडे, उंच भिंतीआड तो लपून बसलेला होता आणि त्याच्या पाठीला चिकटून माळ्याची खोली. वर कौलं, आत मोरी, आणि मोरीत स्वतःचा नळ. स्वतःचा नळ म्हणजे काय, ते चाळीतल्या बाईला विचारावं. सुभद्रेला त्या नळाचा फार आधार वाटायचा. नवऱ्यापेक्षा जास्त वाटतो, असं ती म्हणायची, आणि त्याच्या तोंडावर म्हणायची.

नवरा म्हणजे कोंडीराम. हजेरीपटावर नुसता माळी, पण तोरा असा की सगळी मिल ह्याच्याच खुरप्यावर चालते. आला माणदेशातून, जिथं माणसाला प्यायला पाणी नाही, आणि इथं येऊन विलायती गुलाबांना सकाळ-संध्याकाळ आंघोळी घालायला लागला. बायको तापानं फणफणली तरी ह्यानं कधी कपाळाला हात लावून बघितलं नाही, पण गुलाबाच्या पानावर ठिपका दिसला की ह्याच्या घशाखाली घास उतरत नसे. सुभद्रेला ते गुलाब डोळ्यांसमोर नको व्हायचे. तरी एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. गुलाब नाजूक, म्हणून माळी लागतो, आणि माळी लागतो म्हणून ही खोली आपल्याकडे आहे.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला. कोंडीरामचं नाव मिलच्या हजेरीपटावर, म्हणून तोही संपावर. मिलच्या आत कापड विणणारे सांचेवाले, तानेवाले राहिले मागं आणि गेटावर सगळ्यात मोठ्यानं हाच ओरडायला लागला. सुभद्रा म्हणाली, "अवं, पर गुलाबांनी काय वाईट केलंय तुमचं?"

"गुलाब मालकाचं हायती," तो म्हणाला.

आजवर ते ह्याचे स्वतःचे होते.

मॅनेजरनं खोली काढून घेतली नाही, कारण त्याच्या बाईसाहेबांनी घेऊ दिली नाही. संप आज ना उद्या मिटेल, मग गुलाबांचं कोण करणार, असं त्यांचं म्हणणं. सुभद्रेनं ते बरोबर हेरलं होतं. कोंडीराम गेटावर गेला की ती बादली उचलायची आणि गुपचूप बागेत जायची. काही दिवस खपून गेलं. मग एका दुपारी तो अवचित परतला, तिच्या हातातली बादली हिसकावली आणि फरशीवर उपडी केली. "माझ्याच घरात संपफोडी निघालीस," म्हणाला. त्यानंतर गुलाब वाळायला लागले. ते वाळताना ह्या शूरवीराला बघवेना, म्हणून तो बागेकडे पाठ करून जेवायला बसू लागला.

दुसऱ्या वर्षी मिलनं मागच्या दारानं नवी माणसं घ्यायला सुरुवात केली. गावाकडची, उपाशी, देतील त्यावर राबणारी. त्यात कोंडीरामच्याच भावकीतला कुशाबा निघाला. बिचारा पहिल्याच दिवशी पाणी मागायला खोलीच्या दारात आला, तर कोंडीरामनं त्याला उंबरा ओलांडू दिला नाही.

"आपल्याच माणसाच्या पोटावर पाय द्यायला गावावरनं आलास व्हय?"

"दादा, गावात प्यायाला पाणी न्हाय," कुशाबा म्हणाला. मान खाली घालून तो निघून गेला. भरलेला तांब्या सुभद्रेच्या हातात तसाच राहिला. कोंडीरामनं मात्र नाक्यावरच्या हॉटेलात ही हकिकत चार दिवस पुरवून पुरवून सांगितली, दुसऱ्याच्या चहावर.

त्याच उन्हाळ्यात बाईसाहेबांनी त्याला बंगल्यावर बोलावलं. सुभद्राही पदर सावरत मागोमाग गेली. बाईसाहेब व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत, मांडीवर कसलंसं विलायती मासिक.

"कोंडीराम, तुझ्या संपाबद्दल मी काही बोलत नाही," त्या म्हणाल्या. "पण नळाला पाणी कमी, माळी नाही, आणि पाहुणे आले की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. हे बघ, तिकडे लोक आता घराभोवती अशीच झाडं लावतात, पाण्यावाचून जगणारी. आपल्याकडची तशी कुठली, ते तू मला निवडून दे. झुडपं हवीत, एकदोन मोठी झाडं हवीत. खड्डे खणायला माणसं मी आणीन. तुला खुरपं हातात धरायला नको."

"बाईसाहेब, मोगरा लावा की," ती मधेच बोलली. "मी घालीन पाणी."

"पाणीच तर नकोय, सुभद्रा," बाईसाहेब गोड हसून म्हणाल्या.

कोंडीराम त्या मासिकाकडे टक लावून बघत होता. पांढरंशुभ्र घर, आणि त्याच्या दारात चक्क निवडुंग. "इचार करून सांगतो," म्हणाला, आणि खोलीत येऊन पोट धरधरून हसला.

"काटं पायजेत हिला? मग घे म्हणावं काटं. आपल्या माळावरचा सगळा उकिरडा आणून वततो हिच्या दारात. निवडुंग, घायपात, शेर, तरवड, रुई. कोपऱ्यात हिवराचं काटेरी झाड. पाव्हण्यांच्या भारी साड्या टराटरा फाटल्या पायजेत."

हॉटेलात ह्या बेताचं असं काही स्वागत झालं की जणू संपच जिंकला. दत्ताराम सांचेवाला, मालवणकडचा, एरवी ह्याला माळी म्हणून हिणवणारा, त्यानंसुद्धा पाठ थोपटली. "बरां करतंस. कळांदेत तिका," म्हणाला. एवढी डोकी तिथं बसली होती, रोज उठून मालकाचे डावपेच उलगडून सांगणारी, पण त्यातल्या एकालाही पुढचं दिसलं नाही.

सुभद्रेनं भाकरी थापता थापता विचारलं, "आन ह्या झाडांना पाणी कोन घालनार?"

"कोन न्हाय. त्यातच तर गंमत हाय."

"छाटनार कोन? खत? औषीद?"

"खुळी का काय तू? आपल्या गावात कधी कुनी निवडुंगाला खत घातल्यालं बघितलंस?"

"न्हाय बघितलं," ती म्हणाली. ह्या माणसाला खांदे धरून गदागदा हलवावं असं तिला वाटलं. पण त्याचं हसू काही आवरेना, आणि हसत्या माणसाला काही सांगायला जाण्यात अर्थ नसतो हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. तिनं भाकरी उलटली.

पावसाळ्याच्या तोंडाला तो एस्टीनं गावी गेला आणि पोती भरून झाडं घेऊन आला. फाटे, कंद, मुळाशी मातीचा गोळा बांधलेली रोपं. कंडक्टरनं पोत्यांचंही तिकीट लावलं, ते ह्यानं ऐटीत काढलं. बाईसाहेबांची माणसं खणायला लागली आणि कोंडीराम त्याच उपड्या बादलीवर बसून, विडी ओढत, बोटानं जागा दाखवायला लागला. खुरप्याला हात लागला नाही, म्हणजे तत्त्व शाबूत.

सुभद्रा दारातून बघत होती. उकिरडा ओतायला निघालेला हा माणूस तासाभरात उकिरडा विसरून गेला. शेर मागं भिंतीला, त्याच्या पुढं घायपात, घायपाताच्या पायाशी तरवडाची ओळ. हिवर कुठं लावावा म्हणून ह्यानं सूर्याकडे तीनदा मान वर केली आणि उद्या मोठा झाला की दुपारची सावली नेमकी व्हरांड्यावर येईल अशी जागा काढून दिली. निवडुंगसुद्धा वाटेपासून हातभर आत, कुणाच्या साडीला लागू नये असा. वाईट लावायचं म्हटलं तरी ह्याला येत नव्हतं. सुभद्रेला त्याची कीव आली, आणि रागही आला, आणि राग जास्त होता.

संप मिटला नाही. पुढचा उन्हाळा आला, नळ पुन्हा आटले, आणि माणदेशाच्या त्या उकिरड्याला काही म्हणजे काही झालं नाही. एक साडी फाटली नाही. तरवड पिवळाधमक फुलला होता, त्याचं पाहुण्यांनी कौतुक केलं. कुणीतरी फोटोही काढून नेले. मग बाईसाहेबांनी दोघांना बोलावलं.

"कोंडीराम, कमाल केलीस तू," त्या म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या, ते आणखी वाईट. "वर्षभर कुणी हात लावला नाही, तरी बघ कशी आहे बाग. आता साहेब म्हणतात, माळी ठेवायचं काही कारणच उरलं नाही. ती खोली नव्या रखवालदाराला द्यायची आहे. तुझ्याच गावचा आहे म्हणे. ओळखीचाच माणूस येतोय म्हटल्यावर तुलाही बरं वाटेल."

कोंडीरामची गेटावरची एकही घोषणा तिथं उपयोगाची नव्हती. सुभद्रेला रडू आलं नाही. ते तिनं भाकरी थापतानाच रडून घेतलं होतं.

खोली सोडायच्या दिवशी नवा रखवालदार म्हणून कुशाबाच गाठोडं घेऊन दाराबाहेर उभा राहिला, आत यायला धजेना. सुभद्रेनंच त्याला आत बोलावलं, तांब्या भरून दिला आणि नळ कसा उलटा पिळला म्हणजे गळत नाही ते दाखवलं. करी रोडला तिच्या भावाच्या चाळीत पाण्याला पहाटे रांग लागायची. ते आठवून तिनं नळ आणखी एकदा घट्ट केला.

बाहेर कोंडीराम ट्रंकेवर बसला होता. कुशाबाची सावली दारात दिसली तशी त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "संपफोड्या," तो थुंकला. "गावचं नाव बुडिवलं ह्यानं."

सुभद्रा पायरी उतरून त्याच्यापुढं उभी राहिली. भिंतीकडे, शेराच्या हिरव्यागार कुंपणाकडे, हिवराच्या रोपाकडे तिनं बोट केलं.

"त्याला कशाला बोलताय?" ती म्हणाली. "त्याला मिलनं आनला. ह्यांना तर तुमीच पोत्यात घालून आनलं, पदरचं तिकीट काढून. शोभंल असं हुबं केलं. थेंबभर पानी मागत न्हायती. आता उचला ट्रंक."

कोंडीरामनं ट्रंक उचलली.