निवडलेल्या बाटल्या

शालनबाईच्या नजरेतून खडा सुटत नाही, अशी पिंपरी गावात ख्याती होती. लग्न कुणाच्याही घरचं असो, तांदळाची सुपं आधी तिच्यापुढे यायची. शेजारणींची उणीदुणी काढता काढता तिची बोटं सुपातून फिरायची, आणि पंगतीतली शंभर माणसं हात धुऊन उठली तरी एकाच्याही दाताखाली कचकन वाजायचं नाही. याबद्दल तिचं कुणी कधी कौतुक केलं नाही. बायकांच्या असल्या कामाचं कौतुक करायची आपल्याकडे चालच नाही.

मग गावाजवळ औषधांचा कारखाना आला आणि त्यात तिच्या घरचं रान गेलं. बदल्यात घरटी एक नोकरी मिळायची होती. नवरा दौलतराव पायानं अधू. बाभळीचा काटा गुडघ्यात मोडला, पू झाला, आणि वर्षभर अंथरुणाला खिळून माणूस उठला तो काठी घेऊनच. तेव्हा पदर खोचून शालनबाईच निघाली.

पंधरा दिवस तिनं फरशी पुसली. सोळाव्या दिवशी सुपरवायझर उद्धवरावांनी तिला बाटल्या तपासायच्या खोलीत बसवलं. उद्धवराव पुण्याहून रोज गाडीनं येत. शिस्तीचे, आणि बोलायला भलतेच काटकसरी. बोटाएवढ्या रिकाम्या बाटल्या, शेजारी दिवा, मागे काळा पडदा. तडा, बुडबुडा, काचेचा कण काही दिसतो का ते बघायचं. निवडलेल्या बाटल्या डावीकडच्या ट्रेमध्ये, राहिलेल्या उजवीकडे, एवढं सांगून ते निघून गेले.

खरं सांगायचं तर शालनबाईला हे काम वाटतच नव्हतं. शेतात राबलं की खळ्यावर रास तरी दिसते. इथं दिवसभर डोळे ताणायचे आणि घरी जाताना हात रिकामे. त्यात संध्याकाळी शेजारच्या विमलबाईनं ओट्यावरून विचारलं, "काय करतीस गं तिथं?"

"बाटल्या बघती."

"बघतीस व्हय? का, पळून जात्यात?"

शालनबाईही हसली, पण जेवताना तिनं ते नवऱ्याला सांगितलं. दौलतराव म्हणाले, जमत नसेल तर सोड. सोडून कुठं जायचं, रान तर गेलं, असं ती म्हणाली आणि ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्धवरावांनी तिला बोलावलं. टेबलावर तिचेच दोन ट्रे होते. डावीकडच्या ट्रेमधल्या बाटल्या चांगल्या म्हणून धुवायला गेल्या आणि धुणाऱ्यांनी जशाच्या तशा परत आणल्या. तडे गेलेल्या, बुडबुड्यांच्या. उद्धवराव ओरडले नाहीत, त्यामुळे ती जास्तच घाबरली. उद्यापासून परत फरशी, म्हणाले, आणि वर कळलं तर ती नोकरीही राहील की नाही ते सांगता येत नाही. मग त्यांनी जरा मऊ आवाजात विचारलं, "बाई, दिसत नव्हतं तर सांगायचं नाही का?"

नोकरी जाणार म्हणून ती खाली मान घालून उभी होती, पण हे शब्द तिला झोंबले. तिला दिसत नाही म्हणे!

"साहेब, निवडलेल्या डावीकडं म्हनला. म्या निवडल्या. निवडायचं म्हंजी खडं काढायचं. काढल्यालं टाकायचं, राहिल्यालं रांधायचं. तुमच्या घरी उलटं हाय का?"

उद्धवरावांना घर आठवलं. त्यांची आईही रोज दुपारी ताट घेऊन तांदूळ निवडायला बसे. ते स्वतः दिव्यापाशी बसले आणि उजवीकडच्या ट्रेमधली एकेक बाटली बघू लागले. तास गेला. एकही वाईट निघाली नाही. डावीकडच्या ट्रेमध्ये मात्र त्यांना सात बाटल्या धड वाटल्या. त्या त्यांनी शालनबाईपुढे ठेवल्या. तिनं एकेक उचलून नखानं दोष दाखवला. सातव्या बाटलीच्या मानेखालचा तडा बघायला त्यांना चष्मा पुसावा लागला.

"चूक माझी," ते म्हणाले. "मी नीट सांगितलं नाही."

तिनं मान डोलावली. मग सोळा दिवसांत न विचारलेलं तिनं विचारलं, "साहेब, ह्यात भरत्यात काय?"

उद्धवरावांनी सांगितलं. सुईनं अंगात टोचायचं औषध. ताप चढला, जखम चिघळली, पू झाला, की द्यायचं.

शालनबाईला नवऱ्याचा गुडघा आठवला. वर्षभर तिनं बांधलेल्या पट्ट्या आणि त्यांचा वास आठवला. तेव्हा हे असतं तर, असं मनात आलं. सातवी बाटली अजून तिच्या हातातच होती.

"दाताखाली खडा आला तर मानूस थुकून टाकतो," ती म्हणाली. "रगताला कुठं दात असत्यात?"

उद्धवराव उठले. त्यांनी खडू घेतला, एका ट्रेवर 'चांगल्या' आणि दुसऱ्यावर 'वाईट' असं लिहिलं. शालनबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून दोन्ही शब्द मोठ्यानं म्हणूनही दाखवले. मग तिच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं आणि आपल्या कामाला गेले.

संध्याकाळी ती घरी परतली तेव्हा विमलबाई ओट्यावरच होती.

"झाल्या का बघून बाटल्या?"

"बघत न्हाई गं," शालनबाई म्हणाली. "निवडती."

विमलबाईच्या थोरलीच्या लग्नाचे तांदूळ शालनबाईनंच निवडले होते. विमलबाईनं थोडं सरकून तिला ओट्यावर बसायला जागा केली.