पायाला बोट लागेना

हे लिहायचं नाही असं जवळजवळ ठरलंच होतं. कारण ज्याची ही गोष्ट, तो माणूस मुळात संशयी. वाचून म्हणेल, हे नक्की कुणीतरी लिहवून घेतलंय. पण डोक्यातून जाईना, म्हणून लिहितो.

त्याला सगळे मास्तर म्हणतात. शिंपीकाम करायचा, आता दुकान बंद. वय सदुसष्ट. रोज सकाळी तलावावर पोहायला जातो आणि वर्षातून एकदा ज्येष्ठांच्या स्पर्धेत उतरतो. त्या स्पर्धेला मास्टर्स म्हणतात. त्याचा मित्र ड्रायव्हर (हा जन्मभर बस चालवून रिटायर झालेला) दरवर्षी तोच विनोद करतो, "स्पर्धेचं नाव तुझ्यावरून ठेवलंय लेका, तरी पहिला मीच येतो."

आणि खरंच यायचा. दरवर्षी. मास्तर त्याच्या मागेच, दुसरा. मास्तरला आयुष्यात आता फार काही नको होतं, एकदा ड्रायव्हरला हरवायचं होतं. बस्स.

सरावाला दोघं एकाच लेनमध्ये, एकामागे एक. तिथली रीत अशी, की मागच्याला पुढे जायचं असेल तर त्याने पुढच्याच्या पायाला हळूच बोट लावायचं. मग पुढचा भिंतीपाशी बाजूला थांबतो आणि मागच्याला वाट देतो. वर्षानुवर्षं मास्तर पुढे निघायचा, थोड्या वेळात तळपायाला ते बोट लागायचं, आणि त्याचं रक्त उकळायचं.

गेल्या हिवाळ्यात मास्तरच्या छातीत दुखलं, हृदयाच्या नसेत जाळी बसवली. डॉक्टरांनी काही महिन्यांनी पोहायला परवानगी दिली. मास्तर पुन्हा पाण्यात उतरला, लेनमध्ये पुढे निघाला, आणि वाट बघत राहिला.

बोट लागेना.

पहिल्या दिवशी वाटलं, चला, सुधारलो आपण. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडा उलटला तेव्हा मात्र त्याच्या मनात पाल चुकचुकली. जाळी बसवून आलेला माणूस अचानक वेगवान कसा होईल? जाळी बसवलीय, मोटर नाही.

त्यात कोच म्हणाली, "मास्तर, काय पोहताय हल्ली!" ती त्याच्या मुलीपेक्षाही लहान, आणि कौतुकाच्या बाबतीत एरवी महाचिकट. म्हणजे हीसुद्धा सामील.

मग एका सकाळी पोहून निघताना तलावाच्या फाटकापाशी त्याला आपली मुलगी दिसली. ती हाडांच्या दवाखान्यात रुग्णांकडून व्यायाम करून घेते, कामावर जाण्याआधी त्याला इथे सोडते आणि घरी परत नेते. ती ड्रायव्हरशी बोलत होती. बोलता बोलता तिने हात वर केला, थांबवतात तसा. मास्तर दिसताच दोघं गप्प.

गाडीत त्याने विचारलं, "काय चाललं होतं?"

"काही नाही बाबा. पार्किंगचं."

"पार्किंगला हात वर कशाला करावा लागतो?"

"बाबा, तुम्ही चुकून शिंपी झालात. पोलिसात जायला हवं होतं."

झालं. मास्तरचं कोडं सुटलं. मुलीने ड्रायव्हरला सांगितलं असणार, काका, बाबांना दमवू नका, जरा हळू घ्या. आणि ड्रायव्हर दया करतोय. दया! मग यंदा पहिला आलो तरी तो नंबर कुठल्या तोंडाने घ्यायचा?

त्याने सापळा लावला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम हळू पोहला. इतका हळू, की शेजारच्या लेनमधल्या आजी तरंगत तरंगत पुढे गेल्या. तरीही पायाला बोट नाही. भिंतीपाशी वळून पाहिलं तर ड्रायव्हर शांतपणे मागे, जणू सिग्नल लागलाय.

"सापडलास," मास्तर पाण्यातच पुटपुटला.

स्पर्धेच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत त्याने विषय काढलाच.

"मला जिंकवायचा विचार असेल तर आत्ताच सांग. मी घरी जातो."

"तुला जिंकवायला मी काय तुझा सासरा आहे?" ड्रायव्हर हसला आणि स्वेटर काढू लागला.

आणि मास्तर बघतच राहिला. डावा हात आधी. मग मान वाकडी. मग डाव्या हाताने उजवी बाही ओढून काढली. उजवा खांदा चांगला दोन बोटं खाली. अशा खांद्याचा कोट शिवताना मास्तर आत एका बाजूला जास्त पॅड घालायचा. आयुष्यभर लोकांचे खांदे मोजले, आणि इतके दिवस हा बाबा स्वतःच्या तळपायाचाच विचार करत बसला होता.

"कधीपासून?"

ड्रायव्हरने उगाच टोपी झटकली. "तू दवाखान्यात होतास तेव्हापासून. हात वर जाताना अडकतो. तुझी मुलगी व्यायाम सांगते. तिला बोलू नकोस हं, मीच शपथ घातली होती."

"म्हणजे त्या दिवशी फाटकापाशी..."

"हात कसा वर न्यायचा ते दाखवत होती."

"मग मी एवढा हळू पोहलो तरी बोट का नाही लावलंस?"

"पुढचा पाणी फोडतो, मागच्याला सोपं जातं. पुढे जाऊन काय करू? जन्मभर बस चालवली, म्हटलं जरा मागच्या सीटवर बसू."

"फुकट प्रवास केलास की रे!"

"तिकीट फाड."

मास्तर हसला, पण अर्धवटच. बाहेर प्रत्येकाला वेगळी लेन होती. आज ड्रायव्हरपुढे पाणी फोडायला कोणी नव्हतं.

"उतरू नकोस मग."

"उतरणार. बंदी नाहीये, डॉक्टर फक्त जोर लावू नका म्हणालेत. शेवटचा आलो तर शेवटचा." ड्रायव्हरने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "पण तू आता हळू पोहणार."

"छे!"

"तोंड बघ आरशात. हिशेब चाललाय तुझा, थोडं मागे राहू, याला बरं वाटेल."

चाललाच होता. मास्तरचे कान गरम झाले. ज्या गोष्टीसाठी तो इतके दिवस जळत होता, तीच तो स्वतः करायला निघाला होता.

बाहेर त्यांच्या गटाचा पुकारा झाला. ड्रायव्हरने डावा हात पुढे केला. "शब्द दे."

मास्तरने तो हात दोन्ही हातांत धरला. "शब्द. भिंतीला हात लागेपर्यंत तुझ्याकडे बघणार नाही, जीव तोडून पोहीन. आणि जिंकलो तर तुझ्या तोंडावर मिरवीन, वर्षभर."