धूळ खाणं हा माझा धंदा

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो. पण बिस्किटांचा नव्हे. माझ्या पोटात एक छोटा पंखा आहे आणि पंख्यामागे एक पांढरीशुभ्र चकती. पंखा हवा आत ओढतो, धूळ चकतीवर बसते, आणि चकती किती काळवंडली यावरून त्या घरातली माणसं श्वासात काय घेतात ते कळतं. थोडक्यात काय, धूळ खाणं हा माझा धंदा. कारखान्यात ज्या बाईंनी माझा शेवटचा स्क्रू आवळला, त्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या होत्या, "चल, लाग आता पोटापाण्याला."

मला कामाला लावलं मोजणीवाल्या ताईंनी. वस्त्यांमधली हवा तपासायची आणि लोकांना ती समजावून सांगायची, हे त्यांचं काम. त्यांनी मला भंगार वितळवणाऱ्या भट्टीमागच्या गल्लीत, आत्यांच्या घरी खिडकीशी टांगलं. भट्टीचं धुराडं इतकं ठेंगणं, की धूर सरळ घरात पाहुणा. आत्यांची भाची फार बोलकी, म्हणून तिचं नावच पडलं बडबडी. पण बोलता बोलता तिला खोकल्याची उबळ यायची आणि वाक्य अर्धंच राहायचं. धुराडं उंच करा, असं गल्ली म्हणत होती. भट्टीचा मालक म्हणत होता, "पुरावा आणा." तो पुरावा मी आणायचा होता.

आणि झालं काय, तर माझी चकती निघाली पांढरी! मालक खूश. "बघा! हवा कशी स्वच्छ!" गल्लीचे चेहरे उतरले. ताईंना मात्र पटेना. हवा स्वच्छ, तर पोर खोकते कशानं? एके दिवशी त्या न कळवताच आल्या आणि दारातच थबकल्या. माझ्या अंगावर जाड कापडाची खोळ होती, कडेनं फुलं भरलेली.

"आत्या, हे काय?"

"अगं, धूळ बसते ना त्याच्यावर! परक्याची वस्तू, जपायला नको? तू यायची असलीस की काढून धुवायला टाकते."

ताई खालीच बसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो आत्या, धूळ खायलाच तर आणलाय त्याला!"

आत्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! म्हणजे इतके दिवस मी पाहुण्याला उपाशी ठेवलं?"

"आत्या, मी सांगत होते की त्याला घुसमट—" बडबडीचं वाक्य तिथंच राहिलं.

खोळ निघाली. मी पोटभर जेवलो, मित्रांनो, इतका की स्वतःचीच लाज वाटावी. या खेपेला चकती तव्याच्या बुडासारखी निघाली. आत्यांनी ती ताईंच्या हातातून काढून घेतली. मग ताईंच्या आधी त्याच तरातरा भट्टीवर गेल्या आणि मालकापुढे चकती धरून म्हणाल्या, "हे तुमचं. परत घ्या."

धुराडं उंच झालं. लगेच नाही, बऱ्याच हेलपाट्यांनंतर. खोकलाही पुरता गेला नाही. पण मी निघालो त्या दिवशी बडबडी माझ्यासमोर उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "डब्या, तू परत ये, पण इथं खायला काही मिळणार नाही हं!" अख्खं वाक्य. मधे उबळ नाही. माझ्या सगळ्या नोकरीत याहून मोठी शाबासकी मला मिळाली नाही. आत्यांनी ती खोळ मला आहेर म्हणून दिली.

आता नवी यंत्रं आली. मी ताईंच्या कचेरीतल्या कपाटावर असतो. येणारे-जाणारे हळहळतात, "बिचारा, धूळ खात पडलाय." पडलोय खरा, पण खातोय कुठं? पंखा बंद आहे. नुसती अंगावरच्या खोळीवर बसते.

मित्रांनो, वस्तूंवर माया करा, पण त्यांचं काम झाकून टाकेल अशी नको. आणि तुमच्या आसपास कुणाचं वाक्य खोकल्यानं अर्धं राहत असेल, तर मला खाली उतरवा. मला अजून भूक लागते. फक्त आधी आत्यांची खोळ तेवढी काढा.