भरून ठेवलेलं पेन

राजधानी ट्यूनिसचे लोक आम्हा स्फाक्सकरांविषयी सांगतात, की आम्ही रात्री घड्याळ बंद करून ठेवतो, काटे झिजू नयेत म्हणून. ही शुद्ध बदनामी आहे. घड्याळ बंद केलं तर सकाळी ते लावायला शेजाऱ्याला वेळ विचारावी लागेल, आणि उसनं मागणं आमच्यात बसत नाही.

माझा शेजारी सादोक घोरबेल या बाबतीत आम्हा सगळ्यांचा मुकुटमणी. गावाबाहेर त्याचा जैतुनाच्या तेलाचा घाणा होता आणि बाब दिवानच्या वेशीच्या आत दुकान. दुकानातले रांजण आजोबांच्या वेळचे, पण एकालाही तडा नव्हता. त्यामागचं गुपित तो कुणालाही सांगे, कारण सांगायला पैसे पडत नाहीत. "रांजण रिकामा ठेवलात की तडकला. भरून, तोंड बांधून ठेवा. पणतवंडं तुमचं नाव काढतील."

सादोकला एकच मुलगी, दलेंदा. सहावीत होती. त्या काळी सहावीच्या शेवटी मोठ्या शाळेची प्रवेश परीक्षा असे. नापास झालेला मुलगा बापाच्या दुकानात जाई आणि मुलगी आईच्या स्वयंपाकघरात. मुलाला कधीमधी दुसऱ्यांदा बसवत. मुलीला बसवल्याचं मी तरी पाहिलं नाही. दलेंदाला मोठ्या शाळेत जायचं होतं. पुढे काय व्हायचंय असं विचारलं तर ती म्हणे, "आधी जाऊ तर दे, काका." आणि नवल म्हणजे सादोकलाही तिला पाठवायचं होतं. तो स्वतः सहीच्या जागी जे काढायचा ते पाहून बँकेतला कारकून दरवेळी विचारी, "हे नाव आहे की नकाशा?" पोरीवर ही वेळ येऊ नये एवढंच त्याचं म्हणणं.

शाळेतून निरोप आला, की परीक्षेला टाक-दौत चालणार नाही, डाग पडतात. फाउंटन पेन आणावं. पेन घ्यायला सादोकने दलेंदाबरोबर मलाही नेलं. मी वर्तमानपत्रात लिहितो म्हणजे मला पेनातलं कळत असणार, असा त्याचा समज. मी पेन्सिलीने लिहितो हे मी त्याला सांगितलं नाही, कारण दुकानातली कॉफी फुकट असते.

दुकानदार हम्दाने, आमच्याकडे मानाने म्हणतात तसं सी हम्दाने, काचेवर तीन पेनं मांडली. एक इटालियन, ज्याच्याकडे सादोकने लग्न मोडलेल्या स्थळाकडे पाहावं तसं पाहिलं. दुसरं हलकं, प्लास्टिकचं, आत शाईची तयार नळी घालायचं. तिसरं चिनी, पोलादी टोपणाचं, बाटलीतून शाई ओढून घेणारं.

"ही नळी संपली की?" सादोकने विचारलं.

"नवी घ्यायची."

"कुणाकडून?"

"माझ्याकडूनच की, सी सादोक."

"म्हणजे गाढव तुम्ही फुकट देणार आणि चारा जन्मभर विकणार."

मग त्याने पोलादी पेन तळहातावर तोललं, टोपण बारा वेळा उघडलं-मिटलं आणि आमच्या कुणाच्या लक्षात येण्याआधी ते फरशीवर टाकलं.

"अहो, पेन आहे ते," सी हम्दा म्हणाला. "टरबूज नव्हे."

"टरबूज असतं तर कापून पाहिलं असतं."

पेनाला काही झालं नव्हतं. दलेंदाने त्या पेनाने उजवीकडून अरबीत आणि डावीकडून फ्रेंचमध्ये स्वतःचं नाव लिहिलं. "जड आहे, बाबा. पण दोन्हीकडे चालतं," ती म्हणाली. मी पैज लावून सांगतो, विद्यार्थ्यासाठी त्याहून चांगलं पेन त्या दुकानात नव्हतं. स्वस्त, टिकाऊ आणि निब गुळगुळीत. निवडीत सादोकची रतीभर चूक झाली नाही.

पैसे देताना सी हम्दा म्हणाला, "पोरी, रोज थोडं लिहीत जा. आणि महिन्यातून एकदा पाण्याने धू."

रस्त्यावर आल्यावर सादोक मला म्हणाला, "ऐकलंस? रोज लिही म्हणे. म्हणजे रोज शाई संपणार."

शाईही त्याने टिकाऊच घेतली होती, खतावण्यांसाठी असते ती, काळपट निळी, पुसली न जाणारी. घरी येऊन त्याने स्वतःच्या हाताने पेन काठोकाठ भरलं, टोपण घट्ट लावलं, फडक्यात गुंडाळलं आणि लग्नातल्या कपबशांच्या कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. दलेंदाने चारदोनदा मागून पाहिलं.

"परीक्षेला मिळेल."

"हाताला सवय नको का, बाबा?"

"तुझ्या हाताला होईल गं. पेनाला झिजायची सवय नको."

तेव्हा ऑक्टोबर होता, खजूर उतरत होते. परीक्षा जूनमध्ये.

परीक्षेच्या सकाळी सादोकने कपाट उघडलं, पेन झटकलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला रेघ ओढली. रेघ आली, चांगली जाड, काळीभोर. "बघ," तो मला म्हणाला, "कालच भरल्यासारखं." पोरीला त्याने तेलात बुडवलेली भाकरी चारली, डोक्यावर हात ठेवला आणि शाळेच्या फाटकापर्यंत सोडून आला. मोठा टांगा केला होता. सादोकने टांगा केला हे आमच्या गल्लीत अजून सांगतात.

दुपारी दलेंदा घरी आली तेव्हा तिचे ओठ आणि जीभ निळी होती. सादोक दारात उभा.

"काय गं, परीक्षेत शाई वाढतात की काय जेवायला?"

ती हसली.

"कसं गेलं?"

"प्रश्न कठीण होते, बाबा."

"आणि पेन?"

"छान चाललं."

निकाल लागला. ती थोडक्या गुणांनी नापास झाली होती. सादोकने तिला एक शब्द बोलून दाखवला नाही. मला म्हणाला, "अरे शेदली, आमच्या घराण्यात डोकं तेलाचं. त्यावर अक्षर ठरत नाही." आणि तिला बरं वाटावं म्हणून स्वयंपाकघराऐवजी घाण्यावर नेलं, काट्यापाशी बसवलं. तिथे ती पोत्यांची वजनं पाहू लागली. चुकत नसे. गिऱ्हाइकं म्हणत, सी सादोक, मुलगी हुशार आहे तुमची. तो म्हणे, "वजनात आहे. पुस्तकात नाही." तिच्यासमोरच म्हणे, आणि लाडाने म्हणे. ती मान खाली घालून आकडा सांगे.

तिसऱ्या हंगामात मी घाण्यावर वर्षाचं तेल घ्यायला गेलो होतो. तिथे एक मास्तर आला, सी लारूसी नावाचा, मूळ गफ्साकडचा. तो सादोकशी भावावरून घासाघीस करत होता, म्हणजे करायचा प्रयत्न करत होता. बोलता बोलता त्याची नजर काट्याकडे गेली.

"ती मुलगी कोण?"

"माझीच. का?"

"मी तिच्या परीक्षेला पहाऱ्यावर होतो. निळ्या जिभेची पोर. विसरणार कशी?" मास्तर हसला. "श्रुतलेखन अर्ध्यावर आलं आणि तिचं पेन बंद पडलं. आत शाईचा नुसता चिखल झाला होता. मी माझं पेन पुढे केलं. माझ्या पेनात जांभळी शाई. तर मला म्हणते, सर, नको, दोन रंग झाले की पेपर बाद होतो. बरोबरच होतं तिचं. नाव झाकायला कोपरा दुमडून चिकटवतात ना, त्यामुळे रंग बदलला की तपासणाऱ्याला खूण केली असं धरतात. माझ्याच डोक्यातून गेलं होतं."

"मग?" सादोकने विचारलं. त्याच्या हातात माप होतं.

"मग काय, निब जिभेवर ओली करायची आणि दोन शब्द लिहायचे, पुन्हा ओली करायची. शेवटपर्यंत बसली. अक्षर फिकट होत होत शेवटी कागदावर नुसते ओरखडे. पण त्या ओरखड्यांतही मला चूक दिसली नाही. पास झाली असेल ना?"

सादोकने माप खाली ठेवलं. मास्तरला त्याने मागितलेल्या भावाने तेल दिलं. मास्तर घाबरून दोनदा डबा हुंगून गेला.

सादोक काट्याकडे गेला. मी जागचा हललो नाही, पण कानाला काही कुणी दार बसवलेलं नसतं.

"दलेंदा."

"काय, बाबा?"

"ते परीक्षेचं पेन. ते चाललं होतं ना नीट?"

तिने पोत्यावरून नजर उचलली. तो मास्तर तिने पाहिला होता की नाही, मला सांगता येणार नाही. घाण्याचं फाटक तिच्या समोरच होतं.

"चाललं होतं की. प्रश्न कठीण होते."

"हं," सादोक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो मोठ्या शाळेत जाऊन आला. आता तिचं वय उलटलं, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने तिथे विचारलं, की चूक बापाची असेल तर? संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. मी कॉफी पुढे केली. ती किती साखरेची, कुणाच्या दुकानातली, त्याने काही विचारलं नाही.

"खोटं कशी बोलली बघितलंस?" तो म्हणाला. "डोळ्याला डोळा देऊन. गेल्या वर्षीचं तेल मी ताजं म्हणून खपवतो ना, अगदी तशी."

"मग सांगून टाक तिला, की तुला कळलंय."

"रोज तिच्यासमोर म्हणत आलो रे, पुस्तकात नाही, पुस्तकात नाही. आणि ती आकडे सांगत राहिली."

"म्हणूनच सांग."

गल्लीतून कुणीतरी गाढव हाकत गेलं.

"शाळा मी तिची घेतली," तो म्हणाला. "आता तिच्यापाशी एवढंच राहिलंय, की बापाला कळू दिलं नाही. तेही काढून घेऊ?"

मी त्याचा कप पुन्हा भरला.

मग तो उठला. घाणा बंद करायची वेळ झाली होती, आणि काट्यापाशी दलेंदा एकटी होती.